ॲसिडिटीची गोळी आणि बाकीची औषधं: कुठे अंतर पुरतं, कुठे पुरत नाही

ॲसिडिटीच्या औषधाबरोबर दुसरं औषध सुरू झालं की बहुतेक घरांत एकच नियम पाळला जातो: "मध्ये दोन तास जाऊ द्या." गुलाबी जेलच्या बाबतीत हा नियम बराचसा बरोबर आहे. पॅन-४० (पँटोप्राझोल) च्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी आहे. पण या दोन्हींना आपण "ॲसिडिटीचं औषध" असंच म्हणतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

नायटा महिनोन्‌महिने हटत नाही. थायरॉईडची गोळी एकही दिवस न चुकवता रिपोर्ट वर-खाली होतो. अँटिबायोटिकचा कोर्स संपला तरी लघवीची जळजळ तशीच राहते. मग आपण म्हणतो, औषध लागू पडत नाही. पुष्कळदा ते रक्तात पुरेसं पोचलेलंच नसतं.

खालचे टप्पे क्रमानेच करा. पहिले दोन गाळून थेट वेळापत्रकाकडे गेलात तर चुकीच्या गोळीला चुकीचा नियम लावाल. आणि एक अट आधीच सांगतो: हा लेख वाचून डॉक्टरांनी दिलेलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते यातून कळावं एवढाच हेतू आहे.

## टप्पा १: पोटात जाणारं सगळं टेबलावर मांडा

घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या एकत्र आणा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एवढ्यापुरतं थांबू नका. खालच्या गोष्टी हमखास सुटतात:

- ईनो, सोडा, डायजीन, जेल्युसिल यांसारखी "औषध थोडीच आहे ते" म्हणून घेतली जाणारी औषधं
- कॅल्शियम, लोह, झिंक, मल्टिव्हिटॅमिन
- शंख भस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळ पिष्टी, कामदुधा. ही आम्लपित्तावर दिली जातात आणि यांत मुख्यतः कॅल्शियमच असतं
- आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या, उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट किंवा हाडांसाठीचं अ‍ॅलेंड्रोनेट
- दुसऱ्या डॉक्टरांची औषधं. दातांच्या, त्वचेच्या, हाडांच्या डॉक्टरांनी आठवडाभरासाठी दिलेलीही

आता प्रत्येक पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा आणि बारीक अक्षरातली घटकांची नावं कागदावर उतरवा. पट्टी कापून ठेवली असेल आणि नाव उडालं असेल, तर मेडिकलमधून बिल किंवा नवी पट्टी पाहून घ्या. अंदाजाने लिहू नका.

तपासा: कागदावर एकाच गटाची दोन औषधं दिसतात का? हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळीबरोबर राबेप्राझोल दिलंय आणि फॅमिली डॉक्टरांचं पँटोप्राझोल आधीपासून चालू आहे, हे इतक्यांदा दिसतं की हा कागद करायला तेवढं एक कारणही पुरे. दोन्ही एकच काम करतात. कोणतं ठेवायचं ते विचारा.

## टप्पा २: आपलं औषध कोणत्या गटातलं, ते ठरवा

गट क : तयार आम्ल शमवणारी. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट, खाण्याचा सोडा. जेल, चघळायच्या गोळ्या, ईनो. काही मिनिटांत काम सुरू, दोन-तीन तासांत संपतं.

गट ख : शेवटी "टिडीन" असलेली. फॅमोटिडीन, रॅनिटिडीन. तासाभरात सुरू होतात, साधारण दहा-बारा तास चालतात. रॅनिटिडीनमध्ये कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी एनडीएमए ही अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं. आपल्याकडे ते अजून मिळतं. वर्षानुवर्षं घेत असाल तर बदलाविषयी डॉक्टरांशी बोला.

गट ग : शेवटी "प्राझोल" असलेली. ओमेप्राझोल, एसोमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, लॅन्सोप्राझोल. यांना पीपीआय म्हणतात. ही औषधं आम्ल तयार करणारे पंपच कायमचे बंद करतात; शरीराला नवे पंप बनवावे लागतात. म्हणून गोळी रक्तातून काही तासांत निघून गेली तरी पोटातलं आम्ल तीन ते पाच दिवस कमीच राहतं. या लेखातला पुढचा बराचसा भाग या एका गोष्टीवर उभा आहे. अलीकडे आलेलं व्होनोप्राझन वेगळ्या रीतीने काम करतं, पण आपल्या हिशेबासाठी तेही याच गटात धरा.

(आरिपिप्राझोल हे नाव पाहून फसू नका. ते मानसिक आजारावरचं औषध आहे, त्याचा ॲसिडिटीशी संबंध नाही.)

गट घ : जोडगोळ्या. नावापुढे डी, डीएसआर, एल, एलएस अशी अक्षरं असलेली. यांत प्राझोलबरोबर दुसरंच एक औषध असतं. त्याच्यासाठी वेगळा टप्पा आहे.

सुक्रालफेट या कशातच बसत नाही. ते जखमेवर थर धरतं. पण इतर औषधांना चिकटण्याच्या बाबतीत ते गट क सारखंच वागतं, म्हणून त्याला तेच नियम लावा. शिवाय ते जेलच्या आगेमागे अर्धा तास घेऊ नका.

## टप्पा ३: बिघाड कोणत्या वाटेने होतो, ते ओळखा

वाटा तीन आहेत.

पहिली, चिकटणं. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हे धातू पोटातच दुसऱ्या औषधाला धरून बसतात आणि दोन्ही मिळून शौचावाटे निघून जातात. दोघांची गाठच पडली नाही तर हे होत नाही. इथे अंतर ठेवणं हाच इलाज.

दुसरी, आम्लाचा तुटवडा. काही गोळ्या विरघळायलाच आम्ल लागतं. गट ग ने ते दिवसचे दिवस कमी केलेलं असतं. सकाळी पॅन आणि रात्री ती गोळी घेतली तरी पोट तेच, आम्ल कमी तेवढंच.

तिसरी, यकृतातली अडवणूक. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल यकृतातलं एक एन्झाइम अडवून धरतात. त्या एन्झाइमवर अवलंबून असलेली औषधं एकतर कामाला लागत नाहीत किंवा रक्तात साठत जातात. इथेही घड्याळाचा उपयोग नाही. प्राझोल बदलावं लागतं.

तपासा: आपल्या कागदावर प्रत्येक ॲसिडिटीच्या औषधापुढे क, ख, ग, घ लिहिलं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: गट क असेल तर घड्याळ लावा

हा भाग जेल, चघळायच्या गोळ्या, सुक्रालफेट आणि वर सांगितलेल्या भस्मांसाठी आहे. सोपा मार्ग असा की महत्त्वाचं औषध आधी घ्यायचं आणि जेल नंतर. उलट क्रमाने गेलात तर जास्त थांबावं लागतं.

- सिप्रोफ्लॉक्सासिन: जेलच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. हे दूध-दह्याबरोबरही घेऊ नका.
- लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन: दोन्ही बाजूंनी किमान २ तास.
- डॉक्सिसायक्लिन: किमान २ ते ३ तास.
- थायरॉईडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन: ४ तास. कॅल्शियम आणि लोहापासूनही तेवढंच.
- क्लोरोक्विन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: ४ तास. हिवतापासाठी असो वा संधिवातासाठी.
- टीबीची औषधं: आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन जेलच्या निदान १ तास आधी.
- एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर: जेलच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. गट ग बरोबर याची अडचण नाही.
- रोसुव्हास्टॅटिन: आधी ती गोळी, मग २ तासांनी जेल. एकत्र घेतल्यास तिची रक्तातली पातळी सुमारे निम्म्यावर येते.
- गॅबापेंटिन: जेलनंतर २ तासांनी.
- लोहाची गोळी: किमान २ तास.

डॉक्सिसायक्लिनबद्दल दोन वाक्यं जास्त. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या तापापासून) बचावासाठी ही गोळी दिली जाते. तिने अन्ननलिकेत आणि पोटात आग होते, म्हणून लोक लगेच वर दोन चमचे जेल घेतात आणि गोळीचा बराचसा उपयोग तिथेच घालवतात. जळजळ टाळायची तर गोळी काहीतरी खाऊन, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा-पाऊण तास आडवं होऊ नका.

टीबीच्या रुग्णांनाही हेच होतं. गोळ्यांनी मळमळतं, घरातलं कुणीतरी प्रेमाने जेल देतं. मळमळ सोसत राहा असं मी म्हणत नाही. उपचार केंद्रावर सांगा, गोळ्यांची वेळ बदलून मिळते. पण औषध आणि जेल एका घोटात नको.

पोट साफ होण्यासाठी बिसाकोडिल घेत असाल तर त्याआधी तासभर जेल किंवा दूध घेऊ नका. त्या गोळीचं आवरण आतड्यात पोचेपर्यंत टिकायला हवं. ते पोटातच विरघळलं तर मुरडा येतो.

इशारा: किडनीचा आजार असेल तर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको, हे धातू शरीरात साठतात. लिंबू सरबत किंवा ईनो त्याबरोबर घेतल्यास ॲल्युमिनियम अधिकच शोषलं जातं. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ईनो आणि सोडा रोजच्या वापरातून काढून टाकावा, त्यात सोडियम भरपूर असतं.

मोठा इशारा: छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, दम लागणं यांपैकी काही असेल तर "गॅस असेल" म्हणून ईनो देऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

## टप्पा ५: गट ग असेल तर आधी हे वाचा, घड्याळ नंतर

### इट्राकोनाझोल: सगळ्यांत जास्त वाया जाणारी कॅप्सूल

गेल्या काही वर्षांत नायटा हट्टी झालाय. घरोघरी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आहेत आणि त्यांच्याबरोबर, "पोटाला त्रास नको" म्हणून, पँटोप्राझोल. ही जोडी एकमेकांच्या विरुद्ध जाते. साध्या इट्राकोनाझोल कॅप्सूलला विरघळायला आम्ल लागतं. ते मिळालं नाही तर महागडी कॅप्सूल बऱ्याच अंशी तशीच बाहेर पडते. रुग्ण पैसे घालतो, पथ्य पाळतो, कपडे उकळतो आणि चट्टे वाढतच राहतात.

क्रम असा ठेवा:

१. पट्टीवर नुसतं इट्राकोनाझोल आहे की "एसबी" किंवा "सुबा" लिहिलंय ते पाहा. सुबा प्रकार आम्लावर फारसा अवलंबून नसतो. साधं असेल तर पुढचं वाचा.

२. साधी कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. उपाशी पोटी घेणं ही दुसरी मोठी चूक.

३. प्राझोल खरंच लागतंय का, ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. नुसतं सवयीने लिहिलं गेलं असेल तर ते काढता येतं. काढल्यानंतरही पोटातलं आम्ल पूर्ववत व्हायला काही दिवस जातात हे लक्षात ठेवा.

४. प्राझोल चालू ठेवावंच लागणार असेल तर पर्याय विचारा: सुबा प्रकार, किंवा टर्बिनाफिन, फ्लुकोनाझोल. या शेवटच्या दोघांचं शोषण आम्लावर अवलंबून नसतं. काही डॉक्टर साधी कॅप्सूल साखरयुक्त कोलाबरोबर घ्यायला सांगतात, कारण कोला आम्लधर्मी असतो. ते त्यांनी सांगितलं तरच करा, आणि मधुमेह असेल तर आधी तसं बोला.

५. अधूनमधून जेल लागलीच तर कॅप्सूलच्या आगेमागे २ तास सोडून.

तपासा: त्वचेच्या डॉक्टरांना तुमच्या पॅनची माहिती आहे का? बहुतेकदा नसते. "रोजची काही औषधं चालू आहेत का" या प्रश्नाला लोक बीपी-शुगर सांगतात, पॅन सांगत नाहीत.

### थायरॉईडची गोळी

ही बाब सर्वांत जास्त विचारली जाते: दोन्ही गोळ्या उपाशी पोटी, मग आधी कोणती? आधी थायरॉईडची, उठल्याबरोबर साध्या पाण्याने. अर्ध्या तासाने प्राझोल. त्यानंतर आणखी अर्ध्या-पाऊण तासाने चहा-नाश्ता.

पण इथेच थांबून चालत नाही. प्राझोल रोज घेतल्यावर लिव्होथायरॉक्सिनचं शोषण काही जणांत कमी होतं, आणि ते अर्ध्या तासाच्या अंतराने भरून निघत नाही. म्हणून प्राझोल कायमचं सुरू झालं की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासायचं, गरज असेल तर डॉक्टर थायरॉईडचा डोस वाढवतील. प्राझोल बंद झालं की पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. वाढवलेला डोस तसाच राहिला आणि शोषण सुधारलं, तर धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं सुरू होतं. ही दुसरी तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही.

मधल्या काळात एक दिवस घेणं, दोन दिवस सोडणं असं प्राझोल घेऊ नका. घेत असाल तर नियमाने घ्या, म्हणजे डोस जुळवता येतो.

### अँटिबायोटिक

सेफपोडॉक्झिम आणि सेफ्युरोक्झिम या दोन्ही तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांचं शोषण आम्ल कमी असताना घटतं. आपल्याकडे अँटिबायोटिकबरोबर पॅन हे जवळजवळ ठरलेलंच असतं. लिहून दिलं की विचारा: "या अँटिबायोटिकबरोबर पॅन चालेल का?" दोन्ही गोळ्या अन्नाबरोबर घेतल्यास जास्त शोषल्या जातात, तेवढं तरी पाळा.

### लोह आणि कॅल्शियम

हिमोग्लोबिन वाढत नसेल तर लोहाचा ब्रँड बदलण्याआधी प्राझोलकडे पाहा. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्या. प्राझोल दीर्घकाळ चालणार असेल तर कॅल्शियम सायट्रेट चालेल का विचारा, त्याला आम्लाची गरज कमी असते.

### इथे स्वतः काहीच ठरवू नका

एचआयव्हीसाठी रिल्पिविरिन असेल तर गट ग पूर्ण वर्ज्य. अ‍ॅटाझानाविर असेल तर एचआयव्ही उपचाराच्या (एआरटी) केंद्राला विचारल्याशिवाय नाही. कॅन्सरवरच्या एर्लोटिनिब, गेफिटिनिब, डासाटिनिब, निलोटिनिब, पॅझोपॅनिब या गोळ्यांचं शोषण आम्लाअभावी घटतं. किडनी प्रत्यारोपणानंतरचं मायकोफेनोलेटही याच यादीत. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट चालू असेल तर उलटा धोका: प्राझोलमुळे ते शरीरात साठू शकतं. या रुग्णांनी ॲसिडिटीची एक गोळीसुद्धा मेडिकलमधून परस्पर घेऊ नये.

गट ख इथे मधला आहे. त्याचा अंमल दहा-बारा तासांचा असल्यामुळे यांतल्या काही औषधांबरोबर वेळ मागेपुढे करून तो बसवता येतो. पण ते वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचं.

## टप्पा ६: यकृताची वाट तपासा

क्लोपिडोग्रेल. अँजिओप्लास्टीनंतर किंवा पक्षाघातानंतर दिलं जाणारं औषध. ते यकृतात गेल्यावरच कामाचं होतं, आणि ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल नेमकं तेच अडवतात. सकाळी एक, रात्री एक असं बारा तासांचं अंतर ठेवूनही हा परिणाम जात नाही. अमेरिकेच्या नियामकाने तसा इशारा २००९ मध्येच दिला आहे. पँटोप्राझोलचा परिणाम बराच कमी असतो, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ बहुधा तेच लिहितात. त्यामुळे मेडिकलमध्ये "पॅन संपलंय, ओमेझ देतो, एकच आहे" असं कुणी म्हणालं तर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने ते घेऊ नये. ॲसिडिटीसाठी एकच असेल, तुमच्यासाठी नाही.

इशारा: हे वाचून प्राझोल थांबवू नका. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र घेणाऱ्यांना पोटातल्या रक्तस्रावापासून तीच गोळी वाचवते. बंद करायची नसते, बदलायची असते.

सिटॅलोप्राम, एस्सिटॅलोप्राम. नैराश्य आणि चिंतेवरची औषधं. ओमेप्राझोल-एसोमेप्राझोलमुळे रक्तात वाढतात आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. ओमेप्राझोलबरोबर सिटॅलोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांना ॲसिडिटीच्या गोळीचं नेमकं नाव सांगा.

वॉरफरिन, अ‍ॅसिट्रोम, फेनिटॉइन, डायझेपाम. पहिल्या दोन रक्त पातळ ठेवतात, तिसरी फिटवरची, चौथी चिंता आणि झटक्यांवरची. यांच्याबरोबर प्राझोल सुरू करताना, बदलताना, थांबवताना डॉक्टरांना कळवा. रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) ठरल्यापेक्षा लवकर करून घ्या.

## टप्पा ७: "डी" आणि "एल" कडे नीट पाहा

मला सर्वांत जास्त काळजी या टप्प्याची वाटते, कारण लोक पॅन-४० आणि पॅन-डी यांत फरकच करत नाहीत. "डी म्हणजे जरा स्ट्राँग," असं समजून महिनोन्‌महिने घेतात.

डी म्हणजे डॉम्पेरिडोन. ते मळमळीवरचं औषध आहे आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातल्या: मोठ्या माणसांना एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि शक्यतो आठवड्याभरापेक्षा जास्त नाही. आपल्याकडच्या एका डीएसआर कॅप्सूलमध्ये बहुधा ३० मिलिग्रॅम असतं. सकाळ-संध्याकाळ घेतली की ६० झाले.

धोका वाढवणारी औषधं: क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल, फ्लुकोनाझोल, एस्सिटॅलोप्राम, हॅलोपेरिडॉल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. नायट्यासाठी इट्राकोनाझोल आणि बरोबर पॅन-डी ही जोडी म्हणजे दुहेरी चूक आहे. प्राझोल कॅप्सूलला विरघळू देत नाही, आणि जेवढी विरघळते तेवढी डॉम्पेरिडोनची पातळी चढवते.

एल किंवा एलएस म्हणजे बहुधा लिव्होसल्पिराइड. ते मेंदूतल्या डोपामिनला अडवतं. वयस्कर माणसांत त्याने हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येतात, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. पार्किन्सनच्या रुग्णाला हे औषध देऊच नये. ते पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाच्या बरोबर उलट काम करतं. मासिक पाळी अनियमित होणं, स्तनांतून दूध येणं हेही यामुळे होऊ शकतं.

तपासा: मळमळ किंवा उलटी नाहीये आणि तरी डी किंवा एल चालू आहे? डॉक्टरांना विचारा, "नुसतं प्राझोल पुरेल का?" घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर हा प्रश्न आजच विचारा.

## टप्पा ८: दिवसाचं वेळापत्रक लिहून फ्रीजवर लावा

थायरॉईड, प्राझोल, कॅल्शियम, लोह आणि अधूनमधून जेल घेणाऱ्या व्यक्तीसाठी नमुना:

- सकाळी ६ : थायरॉईडची गोळी, साधं पाणी
- ६:३० : प्राझोल, अख्खं गिळायचं. चघळायचं किंवा कुटायचं नाही
- ७:१५ : चहा, नाश्ता
- दुपारी १ : जेवणाबरोबर कॅल्शियम
- दुपारी ४ : लोह, लिंबू पाण्याबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने
- रात्री जेवणानंतर तासाभराने : लागलीच तर जेल, त्यापुढे दोन तास दुसरी गोळी नाही

यात सगळ्यांत महत्त्वाची ओळ प्राझोलची आहे. ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधीच घ्यायला हवी, कारण जेवताना जे पंप जागे होतात तेच ती बंद करू शकते. जेवणानंतर किंवा झोपताना घेतली की नीट काम होत नाही. मग दुपारी जळजळ होते, मग जेल, आणि ती जेल संध्याकाळच्या गोळीला चिकटते. कितीतरी घरांत जेलची गरज ही चुकीच्या वेळी घेतलेल्या प्राझोलमुळेच निर्माण झालेली असते. व्होनोप्राझनला मात्र जेवणाआधीची अट नाही.

## टप्पा ९: लांब चालणार असेल तर तपासण्या, थांबवायचं असेल तर उतार

बी-१२. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. तीन वर्षांपेक्षा जास्त काळ रोज प्राझोल घेतल्यास ते घटू शकतं. मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिनही ते घटवतं. शाकाहारी, मेटफॉर्मिनवर आणि वर प्राझोल अशी व्यक्ती घरात असेल तर तळपायाच्या मुंग्यांची वाट पाहू नका, तपासून घ्या.

मॅग्नेशियम. सहसा वर्षाहून अधिक काळ प्राझोल घेतल्यावर ते उतरू शकतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन बरोबर असेल तर डॉक्टरांना ही तपासणी विचारा. पेटके, थरथर, धडधड या खुणा आहेत.

थांबवताना. दोनेक महिने रोज घेतलेलं प्राझोल एकदम सोडलं की आम्ल उसळून येतं आणि काही आठवडे जळजळ वाढते. लोकांना वाटतं, "बघा, हे आता जन्मभर लागणार." तसं नसतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी डोस निम्मा, मग एक दिवसाआड, मग बंद असा उतार करता येतो. त्या दिवसांत जेल लागेल. टप्पा ४ चं घड्याळ तेव्हा पुन्हा लावा, आणि थायरॉईड असेल तर टीएसएचची तारीख लिहून ठेवा.

ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करणारी औषधं, उतारवयात रोजच्या दुखण्याच्या गोळ्या, किंवा पूर्वी अल्सरमधून रक्त गेलेलं असेल, तर उताराचा विचारही डॉक्टरांशिवाय करू नका.

औषधाचा विपरीत परिणाम झाल्याची शंका असेल तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी स्वतःही नोंद करता येते. फोन करताना पट्टी हातात ठेवा. औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक जवळ असू द्या.

काळी, डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, किंवा डी असलेली गोळी चालू असताना भोवळ येऊन पडणं: यांपैकी काहीही झालं तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. टप्पा १ चा कागद बरोबर न्या.